एकोणतीस प्रमाणपत्रं आणि एक खुलासा

माझी मुलगी विशाखा हिच्या नावावर आज एकोणतीस प्रमाणपत्रं आहेत. त्यातली तीन तिनं मिळवली आहेत. उरलेली सव्वीस मी.

हे वाचून माझ्याविषयी जे मत झालं असेल ते वाचकांनी तूर्त राखून ठेवावं. सरकारी भाषेत याला 'प्रकरण प्रलंबित ठेवणे' म्हणतात, आणि मी एकतीस वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत काढलेली आहेत. आस्थापना शाखा म्हणजे जिथं कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं असतात. माणूस नोकरीत आहे की नाही, हे आम्ही माणसाकडे बघून ठरवत नाही, पुस्तकात बघतो. एकदा एक शिपाई टेबलासमोर उभा राहून सही करायला रजिस्टर मागत होता आणि पुस्तकाप्रमाणे तो मागच्या मार्चमध्येच सेवानिवृत्त झालेला होता. आम्ही पुस्तकाचं ऐकलं. त्याला पुन्हा जिवंत नोकरीत आणायला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत तो रोज येऊन आम्हाला चहा देत होता.

तर विशाखा कॉम्प्युटरची इंजिनिअर झाली त्याला वर्ष होत आलं होतं आणि नोकरी लागत नव्हती. रोज सकाळी ती दोन-चार कंपन्यांना अर्ज पाठवायची. उत्तर म्हणून काहीही यायचं नाही. आमच्या काळात नकारसुद्धा जावक क्रमांकासह यायचा; माणसाला वाटायचं, चला, नोंद तरी झाली. पोरगी दिवसेंदिवस गप्प होत चालली. जेवताना ताटाकडे बघायची. आम्ही नवरा-बायको तिच्या ताटाकडे बघायचो.

अशा वेळी मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत सल्ल्याला तोटा नसतो. शेजारी कडूबा जाधव. मूळचे अजिंठ्याकडचे. शेती भावाच्या स्वाधीन करून इथं घर बांधलं आणि आता त्यांच्याकडे वेळच वेळ आहे. त्यांचा पुतण्या सुदर्शन पुण्यात प्रोग्रामर आहे, त्यामुळं प्रोग्रामिंग या विषयावरचा त्यांचा अधिकार गल्लीत कुणी नाकारत नाही.

"अप्पाराव," ते म्हणाले, "आमच्या सुदर्शनला कशानं लागली नौकरी, ठावं हाय का? सर्टिफिकेटानं. पाच होती. साहेबानं नुसती मोजली आन म्हणला, उद्यापासून ये."

"पाचच?"

"पाच. आन ती बी ब्लॅक अँड व्हाइट."

पुढच्या घरातल्या लीलाबाई कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "आमच्या आकाशचं बी एक हाय की कम्प्युटरचं. शेंद्र्याला कंपनीत हाय, गाड्याच्या दाराला रंग मारतो."

"एक हाय म्हणून रंग मारतो," कडूबा म्हणाले. "पाच असते तर?"

हा युक्तिवाद ऐकून लीलाबाई पुढचा कपडा झटकायला लागल्या. मी घरात जाऊन विशाखाला विचारलं, तुझ्याकडे किती आहेत. ती म्हणाली, तीन. दुसऱ्या वर्षाला असताना ऑनलाइन केली होती.

"मग आणखी कर की."

"बाबा, सर्टिफिकेटं मोजून कुणी नोकरी देत नाही. एखाद-दुसरं असलं तर अर्ज तेवढा बघतात. पुढं विचारतात, तू काय बनवलंय."

"आणि तू काय बनवलंय?"

"पाण्याचं."

हे पाण्याचं प्रकरण सांगायला हवं. आमच्या गल्लीत पाणी पाच-सहा दिवसांनी येतं आणि कधी येईल हे व्हॉल्व्ह उघडणारा सोडून कुणाला माहीत नसतं. विशाखानं फोनवर चालणारं काहीतरी बनवलं होतं. वरच्या गल्लीत नळ सुरू झाला की तिथल्या कुणीतरी एक बटण दाबायचं, मग आपल्या गल्लीत किती वाजता येईल ते सगळ्यांना समजायचं. पहिल्याच दिवशी त्यात चार वाजता येईल असं आलं. सगळी गल्ली पाइप, मोटर, पिंप घेऊन चारला सज्ज. पाणी आलं सव्वाअकराला, आणि तेही दुसऱ्या दिवशी. लीलाबाईंनी आमच्या दारात उभं राहून जे भाषण केलं त्यात माझ्या शिक्षणाचाही उल्लेख होता. तेव्हापासून पाण्याचं हे नाव मी घरात काढू देत नव्हतो. आणि पोरगी कंपन्यांना तेच लिहून पाठवत होती!

मी ठरवलं, हिच्यावर विसंबून चालणार नाही. बारा दिवसांची अर्जित रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. माझ्या फोनवरून, माझ्या ई-मेलवरून, पण तिच्या नावानं खातं उघडलं आणि कामाला लागलो.

ती सकाळी अभ्यासिकेत गेली की मी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून बसायचो. एक गोरा तरुण इंग्रजीत बोलायचा. मला एवढंच कळलं की तो बोलत असताना खालची निळी पट्टी पुढं सरकते, आणि ती टोकाला गेली की धडा संपतो. समजलं की नाही, हे पट्टी विचारत नाही. हे शिक्षण मला फार जवळचं वाटलं.

"नळ आलाय," रत्नमाला, म्हणजे आमच्या मंडळी, आतून ओरडल्या, "आन तुमी त्या गोऱ्या पोराचं काय ऐकत बसले?"

"त्याचं अजून चौदा टक्के राहिलंय."

शेवटी परीक्षा असायची. विभागीय परीक्षा तीनदा दिलेल्या माणसाला चार पर्यायांची भीती नसते. आधी 'वरीलपैकी सर्व' लावायचं. नाही जमलं तर सगळ्यात लांबलचक उत्तर. नापास झालं तर लगेच पुन्हा बसता येतं, ही सोय मला आमच्या वेळी असती तर आज मी कक्ष अधिकारी असतो. क्लाउड झालं, ब्लॉकचेन झालं, सायबर सुरक्षा झाली, कृत्रिम बुद्धिमत्ता दोन भागांत झाली. एकदा बोट खालच्या बटणावर पडलं आणि पुढचे तीन दिवस मी मधमाशीपालन शिकत होतो. निम्म्यात लक्षात आलं, पण अर्धी झालेली फाइल बंद करणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय त्यात मला ब्याण्णव टक्के पडले. गंमत अशी की नवव्या-दहाव्या प्रमाणपत्रापासून मला थोडं थोडं कळायलाही लागलं. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

रजा संपायच्या आत सव्वीस झाली. मी ती आणि विशाखाच्या कपाटातली तीन अशी एकोणतीस प्रमाणपत्रं कडूबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून तपासणी केली आणि लगेच त्रुटी काढली.

"नाव येगळं हाय की. ह्या तिनावर 'विशू के.' आन ह्या बाकीच्यावर आख्खं खरात विशाखा अप्पाराव. साहेब म्हणल, ह्या दोन पोरी हायेत."

मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी मी कोर्टाजवळच्या नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. त्यात मी, वडील या नात्यानं, शपथेवर लिहून दिलं की 'विशू के.' आणि 'खरात विशाखा अप्पाराव' या दोन्ही व्यक्ती एकच आहेत. शिक्का बसल्यावर बाहेर येऊन उसाचा रस पिताना माझ्या लक्षात आलं की वस्तुतः त्यातली एक विशाखा होती आणि दुसरा मी होतो. पण तोवर नोंदवहीत क्रमांक पडला होता.

मग साक्षांकन. ओळखीचे एक राजपत्रित अधिकारी आहेत. त्यांनी पहिला कागद उचलला आणि विचारलं, "मूळ प्रत?"

"मूळ प्रत इंटरनेटवर आहे साहेब."

"मग इंटरनेट घेऊन या." नंतर त्यांना माझी दया आली असावी. "खरात, आता स्वतःच सही करून साक्षांकित करता येतं. कैक वर्षं झाली. जीआर तुम्हीच फाइलला लावला असेल."

मीच लावला होता. पण जीआर फाइलला लावला म्हणजे तो आपल्याला पटला असं नाही. माझा कागद खरा आहे असं मीच लिहायचं, हे मला आरशात बघून स्वतःला सलाम ठोकण्यासारखं वाटतं. एकोणतीस वेळा ठोकला.

लॅमिनेशनवाल्यानं गठ्ठा बघून दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं विचारलं, "मामू, घर में एकीच बच्ची है ना? के पूरा कॉलेज है?" मी पैसे मोजून दिले. प्लॅस्टिकमधून बाहेर आलेली प्रमाणपत्रं एवढी टणक झाली होती की फाइल मिटेना. शेवटी कडूबांनी गुडघा देऊन मिटवली. अनुक्रमणिका, पृष्ठ क्रमांक, लाल टॅग. अशी फाइल मी स्वतःच्या बढतीसाठीसुद्धा केली नव्हती.

आणि त्याच आठवड्यात विशाखाला मुलाखतीचा मेल आला. शेंद्र्याजवळची पंधरा-वीस माणसांची कंपनी, कारखान्यातल्या यंत्रांसाठी प्रोग्राम बनवणारी. वर्षभरात आलेलं हे पहिलं बोलावणं. पोरगी त्या दिवशी ताटाकडे न बघता जेवली आणि म्हणाली, "बाबा, हे गेलं तर मी हा नाद सोडते. शिकवण्या घेते." हसत म्हणाली, पण मला ते हसणं आवडलं नाही.

मी तिला स्कूटरवर घेऊन गेलो. फाइल डिकीत होती. ती आत गेली, आणि दहा मिनिटांनी मी फाइल घेऊन स्वागतिकेसमोर उभा राहिलो. मुलीचं नाव मोनाली, टेबलावर पाटी होती.

"काका, फाइल लागत नाही. सगळं मेलवर असतं."

"असू द्या. मुलाखत घेणाऱ्या मॅडमना आत द्या. आणि अनुक्रमणिकेच्या या दुसऱ्या प्रतीवर पोच द्या."

"पोच म्हणजे?"

मी तिला पोच म्हणजे काय ते सविस्तर समजावलं. मला वाटतं, लवकर सुटावं म्हणूनच तिनं कुरिअर मिळाल्याचा शिक्का मारला. मी तारीख घालून घेतली. ती फाइल घेऊन आत गेली आणि मी समाधानानं खुर्चीत बसलो.

पाव तासानं मोनाली बाहेर आली. "काका, मॅडमनी तुम्हाला आत बोलावलंय."

माझी पहिली भावना अभिमानाची होती, हे मला कबूल केलं पाहिजे.

आत टेबलामागं मोनिका मॅडम. पस्तिशीच्या, शेंद्र्याच्याच; बोलण्यावरून कळत होतं. त्यांच्यापुढं माझी फाइल उघडी पडलेली. विशाखा खुर्चीच्या टोकावर बसलेली आणि तिचे कान लाल झालेले.

"काका, बसा," मॅडम म्हणाल्या. "ही मधमाशी कुणाची?"

मी विशाखाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"तुमची मुलगी म्हणती, ह्याच्यातली तीन माझी हायेत, बाकीची मी केलेली नाहीत, कुणी केली मला माहीत नाय. आता आमच्याकडं खोटी सर्टिफिकेटं घेऊन येणारे लई येतात. पण स्वतःच्या फाइलीतली सव्वीस नाकारणारी मी पहिल्यांदा बघतेय. म्हणलं, फाइल कुणी दिली त्याला विचारावं."

एकतीस वर्षांत हजारो चुका मी 'लिपिकीय चूक' म्हणून निस्तरल्या आहेत. त्या क्षणी माझ्याकडे निदान चार सबबी तयार होत्या. एक तर फारच सुंदर होती. पण पोरगी टेबलाच्या कडेवर नखानं रेघ मारत बसली होती. लहानपणी शाळेत तिला कुणी खोटी म्हणालं की ती अशीच करायची. मला फार लाज वाटली. सबब तशीच गिळली.

"मी केली," मी म्हणालो. "सगळी मी केली. तिला काही माहीत नाही. मला एक कोरा कागद मिळेल का?"

मॅडमनी प्रिंटरमधला कागद दिला. कारणे दाखवा नोटिशीला कर्मचाऱ्यांनी दिलेले खुलासे मी आयुष्यभर वाचले होते, आणि त्यातला एकही मला कधी पटला नव्हता. आता मी माझा लिहिला. "सादर की, नस्तीमधील सव्वीस प्रमाणपत्रे मी स्वतः, मुलीच्या नकळत, तिच्या नावे प्राप्त केली आहेत. यात तिचा कोणताही सहभाग नाही. झाल्या प्रकाराची संपूर्ण जबाबदारी माझी असून तिच्या उमेदवारीवर त्याचा परिणाम होऊ नये, ही विनंती." खाली सही केली. सवयीनं 'सोबत' असं लिहिलं आणि थांबलो. जोडायला काहीच नव्हतं. 'सोबत : काही नाही' असं लिहून कागद पुढं केला.

मॅडमनी तो वाचला. मग विशाखाला विचारलं, "खरंय हे?"

"हो."

"बरं."

एवढंच. मी वाट बघत राहिलो की आता पुरावा मागतील, निदान आधार कार्ड. त्यांनी फाइल मिटली, म्हणजे मिटवायचा प्रयत्न केला, आणि म्हणाल्या, "तुझ्या त्या तीन सर्टिफिकेटानं तुझा अर्ज पहिल्या चाळणीत राहिला. त्यांचं काम तिथं संपलं. तुला बोलावलं ते पाण्यासाठी. पहिल्या दिवशी तुझं गणित साफ चुकलं, असं तू लिहिलंय. का चुकलं ते सांग. काका, तुम्ही बाहेर बसा."

मी दीड तास बाहेर बसलो. काचेतून दिसत होतं. विशाखा फळ्यावर नळ, गल्ल्या, बाण काढत होती. लीलाबाईंचं घरही काढलं असावं, कारण मॅडम एकदा मोठ्यानं हसल्या. मग तिला कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि ती बराच वेळ डोकं धरून बसली. हे लक्षण मला चांगलं वाटलं नाही.

परत येताना ती स्कूटरवर माझ्यापासून जमेल तेवढी लांब बसली. चिकलठाण्याजवळ चहाला थांबलो. चहा आला, गार झाला.

"बिघडलेला प्रोग्राम दिला होता," ती शेवटी म्हणाली. "चूक सापडली नाही. मी सांगितलं, आत्ता येत नाही, उद्यापर्यंत शोधून पाठवते." मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला वाटलं, मला काहीच येत नाही."

"मला वाटलं, लोकांना वाटेल तुला येत नाही."

"एकच झालं."

एकच नव्हतं. मग मी तिला माझ्या वडिलांचं सांगितलं, जे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ते मॅट्रिक झाले होते. रस्त्याच्या कामावर हजेरी मांडायला माणूस पाहिजे होता. मुकादम म्हणाला, तुला लिहिता येतं हे कोण सांगतं? वडील म्हणाले, मी सांगतो. सगळे हसले. तेव्हापासून ते दाखला घडी करून खिशात ठेवायचे. सदरा बदलला की दाखला नव्या सदऱ्याच्या खिशात जायचा. लग्नातही होता. "आपल्या घरातल्या माणसाचं बोलणं कधी कुणी नुसतं खरं धरलं नाही, विशू. कागद दाखवला की धरलं. मला दुसरं काही येत नाही."

तिनं कप जवळ ओढला. मग कपातली साय बोटानं बाजूला करत म्हणाली, "ब्लॉकचेन म्हणजे काय हो बाबा?"

"तलाठ्याकडचा सातबारा सगळ्या गावानं पाठ करून ठेवायचा. मग तलाठ्याला एकट्याला खाडाखोड करता येत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हे बरोबर आहे," ती म्हणाली, आणि हसली. चहावाल्याला मी आणखी दोन सांगितले.

चूक तिला दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. तिनं ती कळवली. त्यानंतर तीन दिवस काही नाही. मी ऑफिसात बसून लोकांची सेवापुस्तकं उलटसुलट केली. चौथ्या दिवशी फोन आला. सोमवारपासून ये, तीन महिने बघू, मग पुढचं. रत्नमालानं सगळ्या गल्लीला साखर वाटली. कडूबा म्हणाले, "मी म्हणलं नव्हतं? एकोणतीस होती! पाचावर पुणं, एकोणतिसावर शेंद्रा." यातलं गणित मला कळलं नाही, पण त्या दिवशी मी कुणाशीच वाद घातला नाही.

"ऑर्डर कुठंय?" मी विशाखाला विचारलं.

"लेटर आठवडाभरात देणार आहेत. मॅडम म्हणाल्या."

"म्हणाल्या?"

"म्हणाल्या."

तोंडी आदेशावर कुणी रुजू होतं का? सोमवारी मी तिला सोडायला गेलो तेव्हा खांद्याच्या पिशवीत दहावीची गुणपत्रिका, पदवी, आधार, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि सगळ्याच्या तीन-तीन प्रती होत्या. विशाखाला ते माहीत नव्हतं. गेटवर वॉचमन होता, मिशीवाला, कडक. हा अडवणार, हे मी दुरूनच ओळखलं आणि पिशवीच्या चेनला हात घातला.

"कोण पाहिजे?" त्यानं विचारलं.

"विशाखा खरात," ती म्हणाली. "आजपासून इथं कामाला आहे."

त्यानं तिच्याकडे एकदा बघितलं.

"व्हय का? जा मग. पायरी जपून, फरशी पुसलीय." आणि त्यानं फाटक उघडलं.

ती आत गेली. मागं वळून हात हलवला आणि दिसेनाशी झाली. माझ्या पोरीनं नुसतं सांगितलं आणि समोरच्यानं ते खरं धरलं. मी तिथंच उभा राहिलो, हात अजून चेनवर.

वॉचमन माझ्याकडे वळला. "तुमचं काय काम हाय, दादा?"

"काही नाय," मी म्हणालो. आणि खरंच काही नव्हतं.